काशीबाईवरचा पाचवा माणूस

७ सप्टेंबर, रविवार
पोचले एकदाची मालवणात. उद्या भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक म्हणून हजर व्हायचं. गणपतीचे पाहुणे परत गेले म्हणून गुरुदासकाका आणि शेवंतीकाकींच्या घराची मागची खोली मला भाड्याने मिळाली. खिडकीतून समुद्र दिसतो. जालन्याच्या माणसाला एवढं पाणी एकदम बघायची सवय नाही. शाळेच्या सहलीत एकदा पाहिला होता, तेव्हा चप्पल वाहून गेली होती. काकींनी बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. पहिल्याच दिवशी इतकं खाल्लं की माझी मलाच लाज वाटली.

सामानात कपड्यांपेक्षा जास्त जागा नव्या किटने खाल्ली. प्लॅस्टिकची टगबोट, मोठ्या जहाजांना बंदरात ओढणारी, खऱ्याच्या एक बहात्तरांश. आई म्हणते, पस्तिशी आली तरी खेळणी सुटत नाहीत. म्हणू दे.

९ सप्टेंबर, मंगळवार
काका खोलीचा दिवा बदलायला आले आणि टेबलावरचे बोटीचे सुटे भाग बघून तिथेच बसले. मग विचारलं, "हेची आमची काशीबाई करूक जमतला गो?"

काशीबाई हे त्यांच्या आईचं नाव, आणि त्यांच्या मासेमारीच्या होडीचंही. काका तिचे तांडेल, म्हणजे सुकाणू धरून वाट दाखवणारे. दोन वर्षांपूर्वी ते तापाने निजून होते, आणि त्यांचा मुलगा निलेश तिघा खलाशांना घेऊन तांडेलाशिवायच गेला. धोंडू, बाबली, विनीत आणि निलेश. होडी आली नाही, देहही मिळाले नाहीत. काकींनी आजवर दिवसकार्य होऊ दिलेलं नाही. यंदा काकांनी हातापाया पडून त्यांना सर्वपित्रीला तयार केलं. देहाच्या जागी बाहुले ठेवून भटजी नावं घेणार आणि ते समुद्रात सोडणार. काकींची एकच अट आहे. पोरं आपल्या होडीतूनच जातील. "पानार घालून सोडूक माझो झील भाताचो गोळो न्हय," असं त्या म्हणाल्या. झील म्हणजे मुलगा.

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

१२ सप्टेंबर, शुक्रवार
काम झकास चाललंय, हे लिहिताना थोडं अपराधी वाटतं. काशीबाई बेचाळीस फूट होती, म्हणजे माझ्या मापात अठरा सेंटिमीटर. टगचं पोट मधून दहा सेंटिमीटर कापून दोन्ही टोकं जोडली. केबिन पुढे होती, ती उचलून मागे नेली. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पुट्टीने उंच केली आणि घासून घासून बोटं सोलली. जाळ्याला मच्छरदाणीचा तुकडा, दोराला काळा दोरा. खालून सगळं बंद केलंय, हवासुद्धा आत जायची नाही.

समोर एकच फोटो आहे. त्या सकाळी काकांनी अंगात ताप असताना किनाऱ्यावरून काढलेला. चौघंही डेकवर, तोंडं घराकडे. होडी निघालेली दिसते, आणि केबिन रिकामी. मला हे खटकतं. चालत्या होडीचं सुकाणू कोणाच्या तरी हातात नको का?

१४ सप्टेंबर, रविवार
झाली. किटमध्ये पेराएवढी पाच माणसं होती. चौघांना फोटोतल्यासारखं उभं केलं. पाचवा उरला. तो मी सुकाणूवर बसवला, आणि त्याला हिरवा कुर्ता, चष्मा आणि वेणी रंगवली. म्हणजे मीच. माझ्या प्रत्येक मॉडेलमध्ये मी स्वतःला कुठेतरी बसवते. चित्रकार सही करतो तसं. किट करणारे बरेच जण करतात.

काकांनी होडी हातात घेतली आणि रडले. मग केबिनमध्ये बघून विचारलं की ही कोण. मी हसत सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, ही पोरांना पोचवायची होडी आहे, जिवंत माणूस बसवायची नाही. ती जागा माझी होती, मला बसव.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात येऊ नये?

१६ सप्टेंबर, मंगळवार
बाहुली निघत नाही. आमचा गोंद चिकटवत नाही, प्लॅस्टिक वितळवून एकजीव करतो. जोर लावला तर केबिनच तुटेल. शेवटी तिच्यावर पांढरा रंग दिला, काकांच्या गंजीफ्रॉकचा. चष्मा आणि वेणी खरवडली.

होडी जड वाटली म्हणून तोलून बघितली. रविवारी एकशे चाळीस ग्रॅम होती, आज दोनशे दहा. हलवली की आत पाणी वाजतं. पाणी जायला वाटच नाही. मी स्वतः बंद केलीय.

१७ सप्टेंबर, बुधवार
सकाळी बाहुली परत हिरवी. चष्मा आहे. वेणीही आहे.

काकींना दाखवली. घाबरतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. "ऱ्हवांदे. येका तरी माणसाक वाट कळाक व्हयी." मग होडी देवघरात ठेवून कुलूप लावलं. आज त्या गुणगुणत होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा, असं काका म्हणाले.

१८ सप्टेंबर, गुरुवार
देवघराच्या जाळीतून बघितलं. चौघांची तोंडं घराकडे होती, मी मोजून चिकटवली होती. आता चौघंही मागे वळलेत. केबिनकडे. तिच्याकडे.

ऑफिसात नकाशावर माझ्या हाताचा ओला ठसा उमटला. हात कोरडे होते. चाटून बघितलं, खारट.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
आज सकाळी धक्क्यावर होते. कशी गेले, आठवत नाही. ऑफिसातल्या समीक्षाने हलवून जागं केलं. म्हणाली, अर्धा तास उभी होतीस, दोन्ही हात पुढे, काहीतरी धरल्यासारखे. फिरवत होतीस.

मला भीती वाटते. हे कुणाला सांगू?

२० सप्टेंबर, शनिवार
काकींनी चहा देताना माझं पूर्ण नाव विचारलं. वडिलांचं नाव. गोत्र. सहज सांगून बसले— मग कळलं. उद्या भटजींना पाच नावं देणार.

त्यांना पोरगा पोचवायचा नाहीच. परत आणायचाय. त्यासाठी सुकाणूवर कोणीतरी हवं.

होडी मोडावी तर ते चौघं असेच अडकणार. नाही मोडली तर मी—

काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, उद्या साडेदहाच्या गाडीने कुडाळला जा, मिळेल ती रेल्वे पकड. होडी सोडायच्या आधी मी तुला त्यातून काढतो. माझा जीव गेला तरी.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
१०.५० चौके गेलं. एसटी अर्धी रिकामी. निघताना काकींनी हात धरला. सोडेनात. "एकदाच हाड गो तेका," एकदाच आण त्याला, एवढंच म्हणत होत्या. वाईट वाटलं. तरी आले.

११.१० धामापूर. ऊन आहे. भजीचा वास. जीव जरा थाऱ्यावर.

११.२० काकांचा फोन. भटजींनी चारच नावं घेतली. बाहुली त्यांनी पकडीने मोडून काढली, खिशात आहे. आता मोकळी झालीस, म्हणाले. होडी पाण्यात सोडली. रडत होते.

म्हणजे होडी निघाली. चौघं आहेत.
सुकाणू रिकामं.

११.३० नेरूरपारचा पूल. गाडी थांबली. इथे थांबा नाही— खाली खाडी— चौघं चढले. अंगावरून पाणी गळतंय. कंडक्टर त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. फोटोतलेच. मागे येतायत, माझ्याकडे—

निलेश वाकलाय. अदबीने वाट विचारतोय. तांडेल, खंय जावचा.

मला काय माहीत, मी जालन्याची, मला समुद्रातलं काही—

माहीत आहे. डाव्या अंगाला खडक. पाणी उथळ. उजवीकडे घ्या, अजून, अजून थोडं, सुकाणूला दोन्ही हात लागतील, ही वही आता