बोटीवरचा नवा फ्रीजर

प्रिय काजलचे बाबा,

नर्मदामायच्या कृपेने इकडे सगळं ठीक. फोनवर तुम्ही ‘बोट विकून टाक’ एवढंच म्हणता आणि ठेवून देता. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते. इंजिनाच्या पट्ट्यात सापडलेला हात आता कसा आहे? सुरतेला भावजींकडे बसून दिवसभर त्याच्याकडेच बघत राहू नका.

बातमी अशी, की बोटीवर फ्रीजर बसवला. चिडू नका, आधी वाचा. धडगावहून बर्फाच्या लाद्या आणायच्या, दुपारपर्यंत त्यांचं निम्मं पाणी, आणि पलीकडच्या पाड्यांवरची मासळी किनाऱ्याला लागेतो नरम. व्यापारी नाक मुरडून भाव पाडायचा. आता छतावर सोलरच्या पाट्या आणि खाली बॅटऱ्या. फ्रीजर वरून उघडणारा घेतला. पुढून दाराचा असता तर उघडला की सगळा गारवा पायाशी सांडला असता. बर्फाची जुनी पेटी भंगारात दिली नाही. तिच्या पत्र्याचा फ्रीजरला उन्हापासून आडोसा केला.

मिस्तरीने तो आधी इंजिनाशेजारीच ठेवला. इंजिन तापलं की बिचारा नुसता धापा टाकायचा. डाव्या अंगाला सरकवला, तर बोटच कलली. तुमचा आतेभाऊ भिकन ओरडला, “वहिनी, मासा परत पानीमा जाई ऱ्हायनात!” म्हटलं, दात काढू नकोस, बॅटऱ्या उजवीकडे ने. बोट सरळ झाली. नारळ फोडला. सोमवारचा उपास होता, तरी पहिली मासळी मीच भरली. मायला चालतं.

एक काम मात्र फ्रीजरने होत नाही. धरणाच्या पाण्याखाली झाडं कुठे बुडाली आहेत ते भिकनला कळत नाही. परवा सागाच्या खोडावर बोट घासली. तुम्ही नुसतं पाणी बघून वळवली असती. सुकाणूला एक हात पुरतो. भिकनला दोन आहेत, काय उपयोग?

तुम्ही पाठवलेलं गिऱ्हाईक, इंद्रसिंग, मंगळवारी येऊन गेलं. फ्रीजर बघून त्याने आपणहून किंमत वाढवली. मी त्याला चहा पाजला, दहा किलो कटला विकला आणि वाटेला लावला. बोट विकायची नाही. शुक्रवारच्या गाडीने घरी या. येताना फ्रीजरच्या झाकणाची रबरी पट्टी आणा. आत्ताची ढिली बसते, गारवा गळतो. माप पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे.

तुमचीच,
कौसा