पिशवीत राहिलेला अर्ज

सूनबाई, चहा नंतर टाक. आधी जरा टेक आणि एका म्हाताऱ्याची गोष्ट ऐक.

हा म्हातारा वस्तीच्या शिक्षण-मदत समितीवर आहे. आलेले अर्ज बैठकीत वाचायचं काम त्याचं, आणि वाचतो तेही कीर्तनाला उभं राहिल्यासारखा. काल त्याने सगळ्यांचे वाचले. नर्सिंगला निघालेल्या स्वतःच्या सुनेचा तेवढा पिशवीतच ठेवला. ‘घरचीच माणसं पुढे काढली’ असं कुणी म्हणेल, या धास्तीने त्याची जीभ उचलेना. घरी आल्यावर सुनेने हसून विचारलं, “काय बाबा, पावलात का मला?” तर म्हणतो कसा, “देवाच्या मनात असेल तसं.”

स्वतःचं पाप देवाच्या माथी मारलं गं मी!

मंजुरीची यादी आज दहा वाजता फळ्यावर लागते. त्याआधी अध्यक्षीणबाईंच्या दारात जाऊन अर्ज देतो आणि सगळं कबूल करतो. समितीवरून काढलं तर काढू देत.

तुझा डबा भरून ओट्यावर ठेवलाय. आज हात जोडशील तेव्हा तुझ्या सासूची आठवण ठेव. तिलाही शिकायचं होतं. तेव्हाही लोक काय म्हणतील म्हणून मी गप्पच बसलो होतो.