घासून गेलेला बॉल

शुक्रवार, संध्याकाळ

हडपसरच्या पूल पार्लरमध्ये आज कंपनीच्या संघातली शेवटची जागा हातची गेली. बँक पूलमध्ये प्रत्येक बॉल आधी टेबलाच्या कडेवर आपटूनच पॉकेटमध्ये जावा लागतो. माझा शेवटचा तसाच गेला, पण वाटेत दुसऱ्या बॉलला घासून.

त्याच जागेसाठी समोर खेळणारा, ऑफिसात माझ्याच टीममधला सलीम म्हणाला, "फाउल. घासलेला चालत नाही."

"आमच्या अमरावतीत चालतो!"

"मग अमरावतीच्या संघात खेळ."

सगळे हसले. मीही हसलो. का हसलो? आणि नियम आधी विचारायला काय झालं होतं मला? घासला तर घासला, गेला ना! पण सलीमचा बॉल असा गेला असता आणि कुणी फाउल म्हटलं असतं, तर मी अमरावतीचं नावही काढलं नसतं.