वेदीवरचा कपडा

अप्पा, उद्या चर्चमध्ये मंडळीसमोर शुभवर्तमानाचा पाठ वाचायची पाळी माझी आहे आणि नेमका तो पाठ आला आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि तिथं आठवलं की कुणाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे, तर अर्पण तिथंच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा आणि मग यायचं. वाचून झाल्यावर त्यावर चार शब्द बोलावे लागतात. दुपारपासून त्यासाठी कागद घेऊन बसले आहे आणि लिहिते आहे तुम्हाला. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी उत्तर द्यायचं राहिलंय ते तुम्हालाच.

तुम्हाला कधी कागद लागला नाही. पाळक महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार तुम्ही सांभाळायचात. आठवडाभर मागावर चादरी विणायच्या आणि रविवारी इस्त्रीचा सदरा घालून आम्हाला पाठ समजावून सांगायचा. तुम्ही लुथरन म्हणजे नक्की कोण, असं गल्लीतली तेलुगू विणकर मंडळी विचारायची, तेव्हा तुम्ही सांगायचात की आमच्यात पाठ ठरलेला असतो, आवडो न आवडो, ज्या रविवारी जो येईल तो ऐकायचा. पाळक येणार त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेणारी माणसं तुमच्याकडे नाव द्यायला यायची. तुम्ही ओट्यावर वही घेऊन बसायचात. कुणाचं कुणाशी बिनसलं असेल तर तोंडावर विचारायचात, आणि समेट झालेला नसेल तर त्या नावावर रेघ मारायचात. लोक तुम्हाला टरकून असायचे. मीसुद्धा.

आत्या आपल्यापासून दोन घरं सोडून राहायची. तुमची ही धाकटी बहीण ऐन तरुणपणी विधवा झालेली, दिवसभर विड्या वळायची. वेदीवरचा पांढरा कपडा धुवायचं काम तिचं होतं आणि त्याला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. बहात्तरच्या दुष्काळात माझं दृढीकरण झालं, मंडळीसमोर विश्वास कबूल करून मी पक्की सभासद झाले, आणि मी पहिल्यांदाच प्रभुभोजनाला जाणार होते. त्याच आठवड्यात आत्यानं मला नळावर, रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर फैलावर घेतलं, मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेले म्हणून. सोळा वर्षांची होते मी. तिला कुठं लागेल ते मला बरोबर माहीत होतं. मी म्हटलं, आई म्हणते, तंबाखूच्या हातानं धुतलेला कपडा वेदीवर शोभत नाही. आई असं कधीच म्हणाली नव्हती, अप्पा. ते माझ्या मनातलं होतं आणि मी ते आईच्या नावावर खपवलं.

शुक्रवारी संध्याकाळी आत्या तो कपडा घडी घालून, न धुताच, आपल्या उंबऱ्यावर ठेवून गेली. तुम्ही शेजारपाजारी चौकशी केलीत आणि थेट स्वयंपाकघरात आलात. आई भाकऱ्या थापते आहे. मी चुलीपाशी काटक्या सारते आहे. असं म्हणालीस का, तुम्ही तिला विचारता. आईचा हात परातीत थांबतो. ती माझ्याकडे बघते, फार वेळ नाही. मग म्हणते, "म्हणाले असंन."

"मग तुझं नाव न्हाय घेता यायचं," तुम्ही म्हणालात. "पाठ काय मी निवडलेला न्हाय."

आईनं "व्हय" म्हटलं आणि भाकरी तव्यावर टाकली. मला बोलता आलं असतं. अजून चार भाकऱ्या व्हायच्या होत्या, तेवढा वेळ होता. मी काटक्या सारत राहिले. तो कपडा मग मीच धुतला, अर्ध्या बादली पाण्यात.

रविवारी तुम्ही पाळकांच्या आधी उभं राहून धाग्याचा दाखला दिलात. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, मगच पुढं विणायचं. घाई केली तर चादर निघते, पण तिच्यात भोक राहतं. नंतर सगळे पुढे गेले. आई बाकावर पदरात हात घेऊन बसून राहिली. मी आत्याशेजारी गुडघे टेकले. तिच्या हातांना तंबाखूचा वास येत होता, समोर मी धुतलेला कपडा होता. भाकर आली, प्याला आला. मला वाटलं होतं, फार भीती वाटेल. काहीच वाटलं नाही. त्यानंतरही कधी वाटलेलं नाही. जाते, गुडघे टेकते, घेते, परत येते.

उपासना सुटल्यावर आई घरी न येता आत्याकडे गेली आणि न बोललेल्या शब्दांची माफी मागून आली. पुढच्या महिन्यात कपडा पुन्हा आत्याकडे गेला, आईचं नावही वहीत आलं. तुम्ही मला म्हणालात, "आईकडनं शीक. चूक कबूल करायला लई ताकद लागती." मी मान डोलावली. आईनं मला त्यावरून एका शब्दानं कधी विचारलं नाही. आधी ती गेली, मग आत्या, मग तुम्ही. समेटाला जायचं म्हटलं तर आता दार उघडायला कुणी नाही.

तुमची वही माझ्याकडे आहे. त्या शनिवारच्या पानावर आईच्या नावावर रेघ आहे आणि तिच्याच खाली माझं नाव, स्वच्छ. मघाशी मी पेन घेतलं आणि त्यावर रेघ मारली. अजूनही काही वाटलं नाही. आता शनिवारी नावं कुणी घेत नाही. उद्या मी पाठ वाचेन, धाग्याचा दाखला देईन, आमचे अप्पा असं सांगायचे म्हणून सांगेन, आणि मग सगळ्यांबरोबर पुढे जाईन. बाकावर बसून राहिले तर कुणीतरी विचारेल, अप्पा. आईसारखं बसून राहणं मला अजून जमत नाही.