सपाट रस्ता

घुग्घुस,
११ जानेवारी २०२५

चि. मयुरीस वहिनीचे आशीर्वाद.

राजुऱ्याला तुमची तूर निघाली असेल. इकडे धूळ सोडली तर सगळं बरं आहे.

तुझा दादा गेल्यावर तू म्हणाली होतीस, त्याच्या जागी खाणीत नोकरी घ्यायची तर ऑफिसात घे, डम्परवर बसू नको. मी ऐकलं नाही. ट्रेनिंग सेंटरात एक खोटी केबिन आहे. काचेच्या जागी पडदा आणि पडद्यावर खाणीचा रस्ता. समोरचा कॅमेरा आपला चेहरा पाहतो. माणूस घाबरलेलं वाटलं की मशीन सोपा धडा देतं. मला रोज सपाट रस्ताच मिळे. या आठवड्यात उतार जमला नाही, तर ऑफिसात चहापाणी द्यायला बसवणार होते.

शिकवणारे नानाजीभाऊ म्हणाले, "बाई, जरा हसत जा ना. काऊन भेता?"

"मी भेत नाई, भाऊ. तोंडच असं झालं."

"मंग मशीनले कसं समजावू? ते माह्यं बी आयकत नाई."

माझ्याबरोबरच्या शिरीनला तिसऱ्याच दिवशी उतार मिळाला. ती स्टिअरिंग धरूनही हसते. हिचा ब्रेक एकदा तरी चुकावा, असं मला वाटायचं. हे कोणाला सांगू नको.

काल मी केबिनमध्ये बसले होते. दार अर्धं उघडं होतं. बाहेर शिरीनचा नवरा मोहसीन डबा घेऊन आलेला. तिच्या हेल्मेटवरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसत होता, आणि ती म्हणत होती, "रहने दो ना, लोग देख रहे." माझ्या अंगाची आग झाली. पडद्याकडे पाहिलं तर उतार सुरू झालेला. त्या वेळी माझ्या तोंडावर मशीनला भीती सापडली नसावी.

मयुरी, दादाची गाडी उलटली तसाच तो उतार. मी गिअर खाली घेतला, ब्रेक जपून लावला, आणि खाली आले.

"आज काय खाऊन आल्या, बाई?" नानाजीभाऊंनी विचारलं. दुसरीचा नवरा पाहून आले, हे कसं सांगू? इतके दिवस मनाला सांगत होते की हेवा उताराचा आहे.

वीस तारखेला खऱ्या डम्परवर बसवतील. पहिल्या दिवशी घरचं माणूस येऊन चाकापुढे नारळ ठेवतं, अशी इथली रीत आहे. शिरीनसाठी मोहसीन येईल. तुझा राग मला माहीत आहे. तो घेऊनच ये, पण नारळ घेऊन गेटवर उभी राहा.

तुझ्या दादाची,
सुगंधा