मागच्या खोलीतला गव्हर्नर

मी, दगडावर नावे कोरण्याचा धंदा करणारी, अविवाहित, सज्ञान तर केव्हाचीच, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवत आहे. गल्ली मला छिन्नीमावशी म्हणते. डॉक्टरांनी आजच तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचे सांगितले. गुडघ्यांबद्दल ते काही बोलले नाहीत.

राहते घर, पुढचे दुकान व अंगण माझ्या दिवंगत थोरल्या बहिणीच्या मुलाला मिळावे. तो अनेक वर्षे इकडे फिरकलेला नाही. पण रक्ताचे दुसरे कोणी उरलेले नाही. छिन्न्या, हातोडे व अक्षरे आखायची पट्टी कोपऱ्यावरच्या सुताराच्या मुलीला द्यावी. तिचा हात स्थिर आहे. शेजारच्या शिंपीणबाईंना काही देऊ नये. माझे ‘दगडाची बायको’ हे नाव त्यांनीच पाडले, आणि चारचौघांत मोठ्याने हाक मारून रुजवले.

आता मागच्या खोलीत राहणाऱ्याबद्दल. तो माझी मिळकत नाही, म्हणून सविस्तर लिहावे लागते.

परक्यांचे राज्य गेले त्या दिवशी लोकांनी चौकातला गव्हर्नरचा पुतळा दोरखंडांनी खाली ओढला. याच गव्हर्नरच्या हुकमाने माझ्या धाकट्या भावाला, भिंतीवर ‘चालते व्हा’ असे लिहिल्याबद्दल, फाशी दिले होते. देहसुद्धा आमच्या ताब्यात दिला नाही. त्या दिवशी सगळे शहर नाचत होते. मी दुकानात एकटी बसले होते. ज्याच्याबरोबर नाचायचे तोच नव्हता. भर दुपारी तो पुतळा चालत आला आणि उंबऱ्याशी थांबला. एक हात तुटलेला, गळ्यात दोर तसाच.

“आत येऊ का?” त्याने आपल्याच भाषेत विचारले. चौकात उभे राहून, ऐकून ऐकून, ती त्याला आली होती.

मी मोठा हातोडा उचलला. “माझ्या भावाला कुठे पुरलंय ते आधी सांग.”

“नाही माहीत, ताई. हुकूम देणारा बोटीत बसून निघून गेला. मला नुसतं त्याचं तोंड दिलंय.”

मी हातोडा खाली ठेवला. भाऊ गेल्यापासून या घरात मला ताई म्हणणारे कोणी नव्हते.

तो राहिला. लोक चौकशीला आले तेव्हा, कामाचा दगड आहे, असे मी सांगितले. ते खोटेही नव्हते. रस्त्यांना नवी नावे मिळत होती. मी पाट्या कोरायची आणि तो उरलेल्या हाताने त्या धरून ठेवायचा. भाचा एकदा आला, पुतळ्याला पाहून म्हणाला, “मावशी, मामाच्या खुन्याला घरात ठेवलंस?” पाणीही न पिता परतला. त्याच्या रागाचे मी वाईट मानलेले नाही. वाट मात्र पाहिली.

पुढे एकदा पुतळा म्हणाला, “ताई, हे तोंड काढून टाक. आरशात बघवत नाही. तुझ्या भावाचं दे.”

मी मिशा काढल्या, पदके काढली, नाक-डोळे घासून सपाट केले. मग नवी रेघ मारायला छिन्नी टेकवली, आणि हात अडला. घरात भावाचा एकही फोटो नाही. त्याचे हसणे ऐकू येत होते, पण नाक कसे होते ते आठवेना. भुवयाही आठवेनात. फाशीच्या दिवशी मी रडले नव्हते. चेहरा आठवेना तेव्हा मात्र अंगणात बसून रडले.

“राहू दे,” तो म्हणाला. “असाच राहतो.”

तेव्हापासून त्याला चेहरा नाही, आवाज तेवढा आहे.

सबब भाच्याला घर मिळेल ते या अटीवर, की या पुतळ्याला विकू नये, संग्रहालयाला देऊ नये, पुन्हा कुठल्या चौकात उभा करू नये. त्याला स्वतःहून जावेसे वाटले तर अडवू नये. तो काही खात नाही. तरी दुकान बंद केल्यावर त्याच्या दारात थांबून “जेवलास का?” एवढे विचारावे. तो “हो” म्हणेल. मलाही तो रोज विचारतो. माझे “हो” पुष्कळदा खोटे असते, ते त्याला कळते. मग तो दारातून हलत नाही, आणि मी उठून चूल पेटवते.

स्थळ: राहते घर, पुढचे दुकान.
दिनांक: गुरुवार, स्वातंत्र्याचे चाळिसावे वर्ष.

लिहून देणार: छिन्नीमावशी (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. तपासणारे डॉक्टर (सही)
२. या गल्लीचे पोस्टमन (सही)