बोरूच्या रानातला गप्प कोपरा

प्रिय आई,

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. मागच्या बोरूच्या रानात फुना मासे अंडी घालायला आलेत, त्यांची खळबळ ऐकत बसले होते. तुम्ही धक्क्यावर शोधणाऱ्यांसाठी भाताचे गोळे वळताय, आणि सगळ्या होड्या बेटापलीकडच्या खोल पाण्यात यांना शोधतायत. आई, तुमचा तोकुजी तिथे नाही.

परवा तुम्ही मासे मुरवायच्या पिंपात डोकावून म्हणालात, "बोरूकाठची सून आणली, तरी पिंपात नुसता भात नि मीठच." तुम्ही हसलात, हेही हसले. पण यांना लागलं ते. हिवाळाभर फुना तळाशी खोल बसतात, तिथे यंदा जाळ्यात काही आलंच नाही. काल ऊबदार पाऊस झाला, बिवा तळ्याचं पाणी चढलं. मी बाळाचे लंगोट धूत होते, खळखळ ऐकली आणि बोलून गेले, "वर आल्या हो, अंड्यांनी पोटं भरून आल्यात."

माझ्या बाबांकडे हा आवाज आला की आम्ही जाळी गुंडाळून ठेवायचो. आपल्याकडेही तेच. अंडी घालून होईपर्यंत बोरूत जाळं टाकलं तर मच्छीमार संस्थेतून नाव जातं. हे म्हणाले, "एकच मादी आणतो, आईचं तोंड बंद होईल." धक्क्यावर मुद्दाम मोठ्याने सांगून गेले, खोल पाण्यात चाललोय म्हणून. सगळ्यांनी तेच धरलं. आणि मी गप्प राहिले. नाव जाईल म्हणून.

बाबा सांगायचे, जिथे माणूस हलतो तिथे फुना गप्प होते. रात्रभर सगळं रान खळबळत होतं, फक्त मोडक्या पाणचाकाकडचा कोपरा गप्प होता. मी हाका मारल्या, वाऱ्याने नेल्या. मनाला म्हणत राहिले, हलतायत ना, मग ठीक आहेत, उजाडलं की येतील. आता उजाडलंय. आणि त्या कोपऱ्यातही मासे उडायला लागलेत.

धक्का लांब आहे, कोपरा जवळ. बाळ शेजारच्या तोमे आजींकडे ठेवलंय. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून ही चिठ्ठी दाराला अडकवून बांधावरून निघालेय. रागवायचं ते मग रागवा.

तुमचीच,
सायो

घरात फोन नाही, म्हणून ही चिठ्ठी ज्याच्या हाती पडेल त्याने आधी माझ्या भावाला, इसामुला, फोन करावा. नंबर चुलीमागच्या भिंतीवर खडूने लिहिलाय. पाणचाकाकडे ये म्हणावं, शेतावर जायची सपाट तळाची होडी घेऊन. इंजिनाची नको, बोरूत अडकते. सायोने आधी का नाही सांगितलं असं विचारेल. ते मी सांगेन त्याला. तुम्ही फक्त फोन करा.